शेजारच्या सीटचा ब्रेक

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. आज नाही, गेली तेवीस वर्षं. आमच्या भागातली निम्मी माणसं ह्यांच्या हाताखालून गेलीत. मी जिथे काम करते त्या लॅबचा डॉक्टर, त्याची बायको, कोपऱ्यावरची फुलवाली, शिवाय सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. रस्त्यात कुणीही भेटलं की एकच पालुपद: "सर किती शांत हो! आवाज म्हणून चढत नाही." त्या आजींनी तर माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांसारखा शांत माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही." मी म्हटलं, "मग घेऊन जा की घरी. चार दिवस ठेवून बघा." त्या खो-खो हसल्या. मी गंमत करत नव्हते.

लायसन्स माझ्याकडे आहे. लग्नाआधी काढलेलं, तेही पहिल्या फटक्यात, दुसऱ्याच एका मास्तरांकडे शिकून. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा ह्यांना शेजारी बसवून गाडी चालवली. मोठ्या चौकातल्या गोल चक्करपाशी आले, तर हे "थांब!" म्हणून जोरात किंचाळले. वर ह्यांनी हँडब्रेक खेचला. गाडी चौकाच्या मधोमध बंद. चहूबाजूंनी हॉर्न. मी दार उघडलं, उतरले आणि तडक पायी घरी आले. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून लायसन्सची मुदत संपली की मी जाऊन वाढवून आणते, पाकिटात ठेवते. स्टिअरिंगला हात लावला नाही. कानाला खडा.

माझं तसं अडलंही नव्हतं. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. घरापासून लॅब चालत दहा मिनिटं. पण दीड वर्षापूर्वी ताईच्या किडन्या निकामी झाल्या आणि सगळंच बदललं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, पाऊण तासाच्या अंतरावर एकटी राहते. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचं डायलिसिस. सकाळी दवाखान्याची गाडी येऊन घेऊन जाते, दुपारी आणून सोडते. त्या दिवशी ती पिळून काढलेल्या कपड्यासारखी पडून असते. तिचा खरा चांगला दिवस गुरुवार. आणि माझी सुट्टीही गुरुवारचीच. आता याहून सोयीचं काय असणार? पण गुरुवारी ह्यांच्या शिकवण्या सकाळी सात ते संध्याकाळी सात. बसने जायचं तर दोन बस बदलायच्या, जायला तीन तास, यायला तीन तास. मी पाच-सहा वेळा गेले. पोचल्यावर तिच्याआधी मीच आडवी व्हायचे.

त्यात आमच्या जुन्या गाडीने राम म्हटला. मग हे मला रविवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून न्यायला लागले. टपावर शिकाऊ अशी पाटी, दोन्ही बाजूंना लाल पट्टे. दोन शिकवण्यांच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढाच. ताईकडे पोचलो की हे खुर्चीच्या टोकावर बसायचे, किल्ली हातात. चाळीस मिनिटं. ताई काही सांगायला सुरुवात करायची आणि हे म्हणायचे, "निघू या का?" एकदा ती तिच्या रिपोर्टबद्दल सांगत होती. डॉक्टर काय म्हणाले, तिला कसली भीती वाटते. आणि मी उठून चपला घातल्या. अर्धं वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे तोंड करून रडले. ह्यांना वाटलं, ताईच्या तब्येतीमुळे.

त्याच आठवड्यात मी जाहीर केलं: "नवी गाडी घ्यायची. आणि ती मी चालवणार. दर गुरुवारी. एकटी."

ह्यांनी मान डोलावली. मला वाटलं, वा, चक्क ऐकलं!

मग सुरू झालं संशोधन. ह्यांना मोठी गाडी नको होती, अगदी छोटीही नको. जराशी उंच, चार माणसांना पुरेल अशी, खड्ड्यातून गेली तर पोट न घासणारी. हल्ली अशा गाड्यांचं पेवच फुटलंय. महिनाभर फिरून शेवटी दोनच उरल्या. किमतीत फारसा फरक नव्हता. एक निळी, एक करड्या रंगाची, म्हणून घरात त्यांची नावंच पडली, निळी आणि करडी. निळी गिअरची. मागची डिकी ऐसपैस, बसायला भक्कम, रस्ता धरून चालणारी. करडीला गिअर टाकायची भानगडच नाही. ब्रेक सोडला की आपली आपण पुढे सरकते. सीट जरा उंच, समोरचं सगळं दिसतं, पण डिकी एवढीशी.

हे निळीच्या प्रेमात आकंठ. "करडी चालवायची नसते गं, तिच्यात नुसतं बसायचं असतं," असं हे मला जेवताना सांगायचे, आंघोळीला जाताना सांगायचे. एवढ्यावर थांबतील तर कसले! ह्यांच्याकडे शिकाऊ लोकांची परीक्षा घ्यायचा एक छापील कागद असतो. त्यावर बावीस मुद्दे: आरसा पाहिला का, इंडिकेटर दिला का, वळण कसं घेतलं. त्याच कागदाच्या पाठीवर ह्यांनी दोन रकाने आखले आणि दोन्ही गाड्यांना गुण दिले. बावीस मुद्दे, प्रत्येकी दहा गुण. निळी पहिली आली, करडी काठावर पास.

"मी चालवून बघितल्याशिवाय निकाल लावायचा नाही," मी म्हटलं. आमच्या कामात हे पहिल्या दिवशी शिकवतात. कवळी साच्यावर कितीही झकास बसली तरी ती तोंडात बसते की नाही, हे ज्याचं तोंड तोच सांगणार.

एका गुरुवारी ह्यांनी दुपारच्या दोन शिकवण्या पुढे ढकलल्या आणि आम्ही शोरूममध्ये गेलो. दोन्ही गाड्या एकाच छताखाली होत्या, हे एक बरं. पांढरीशुभ्र फरशी, नव्या रबराचा वास, आणि आमच्या वाट्याला आलेली तिशीतली एक हसतमुख बाई. तिने कॉफी दिली, दोन्ही किल्ल्या आणल्या.

पहिल्यांदा निळी. ह्यांनीच चालवली. खोटं कशाला बोलू, सुरेख चालवली. गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही. परत आल्यावर हे आतल्या बाजूला मेकॅनिककडे गेले, बॉनेट उघडून काय काय विचारायला. मी सोफ्यावर बसले. शेजारी ह्यांचा तो कागद पडला होता. सहज उचलला. बावीस मुद्दे माझे पाठ होते. पण खाली, बावीसच्या खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक तेविसावा मुद्दा होता, जो घरी मला कधी वाचून दाखवला नव्हता.

"शेजारच्या सीटला ब्रेक. निळी: बसतो. करडी: बसत नाही, खाली मधोमध पेटी आहे, दांडा जात नाही." आणि निळीपुढे दहापैकी दहा, करडीपुढे शून्य. शून्याभोवती दोनदा गोल.

मी तो कागद तीनदा वाचला. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ना, तो. शिकाऊ माणूस चुकला की मास्तर दाबतो, तो. हे माझ्या गाडीत तो बसवणार होते. एकोणीस वर्षं पाकिटात लायसन्स घेऊन फिरणाऱ्या, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईच्या गाडीत. आणि मी तिकडे गुरुवारची स्वप्नं बघत होते! गुरुवारी ह्यांच्या शिकवण्या असतात. मग तो ब्रेक दाबायला शेजारी कोण बसणार होतं? म्हणजे गुरुवार मुळी ह्यांच्या हिशेबातच नव्हता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

हे हात पुसत आले. मी कागद पुढे धरला. "हे काय आहे?"

ह्यांनी पाहिलं आणि अजिबात न गडबडता म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच तर! तू चालवणार म्हणालीस ना? मग मी आधी तेच बघितलं. एक माणूस आहे, अर्ध्या दिवसात बसवून देतो."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी काय? सुरुवातीला रविवारी जाऊ. तू चालव, मी शेजारी असेन. वर्षभरात हात बसला की..."

"वर्षभरात!" माझा आवाज एवढा चढला की पलीकडे गाडी बघत असलेलं एक कुटुंब वळून पाहायला लागलं. "ताईला वर्ष आहे की नाही हे तिच्या डॉक्टरलाही माहीत नाही, आणि तुम्ही मला वर्षभर शिकवणार?"

शोरूमची बाई कॉफीच्या रिकाम्या कपांकडे टक लावून बघत होती. मी तिला म्हटलं, "करडीची किल्ली द्या. मी चालवणार."

ती मागच्या सीटवर बसली. हे न सांगताच शेजारी बसले आणि पट्टा बांधला. मी आरसे लावले, सीट पुढे घेतली. स्टिअरिंग घट्ट धरलं. ब्रेक सोडला आणि करडी आपली आपण पुढे सरकली. बाई गं! एकोणीस वर्षांनी पायाखाली गाडी हलली आणि मला हसूच आलं.

ते फार टिकलं नाही. "आरसा," हे म्हणाले. "इंडिकेटर. डावीकडे सायकल आहे. हळू. हळू गं! तो थांबेल असं समजू नकोस." आणि प्रत्येक शब्दाबरोबर ह्यांचा पाय खालच्या मॅटवर धप् धप् आपटत होता. जिथे काही म्हणजे काही नव्हतं तिथे. मागे ती बिचारी श्वास रोखून बसलेली. पुढे गोदामाच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे येत होता. मला दिसत होता, माझा पाय ब्रेकवर गेलाही होता. तेवढ्यात ह्यांनी "थांब!" म्हणून स्टिअरिंगच धरलं.

गाडी थांबली. ट्रक अजून दोन गाड्यांच्या अंतरावर होता. मी इंडिकेटर दिला, गाडी हळूच कडेला घेतली, बंद केली.

"उतरा," मी म्हटलं.

"अगं, पण..."

"उतरा. त्या आजींवर ओरडता असं? फुलवालीचं स्टिअरिंग धरता? तेवीस वर्षांत एकाने सांगितलं नाही की सरांचा आवाज चढला. सगळी शांती बाहेर वाटून टाकता आणि घरी येताना हात रिकामे! काय घोडं मारलंय मी तुमचं?"

मला वाटलं, आता हे चिडतील. पण हे समोरच्या काचेकडे बघत बसले. मग म्हणाले, "तिथे माझ्या पायाखाली ब्रेक असतो."

"मग?"

"म्हणून मी शांत असतो. समोरचा काहीही करो, मी थांबवू शकतो. त्यात माझं कौतुक काही नाही." हे कधी इतकं सलग बोलत नाहीत. "तुझ्या शेजारी बसलो की पायाखाली काही नसतं. तेव्हाही नव्हतं. त्या चौकात एक टेम्पो तुझ्या बाजूने येत होता. तो थांबला, पण मला वाटलं, थांबला नाही तर? माझे हातपाय गार पडले. मी ओरडलो ते तू चुकलीस म्हणून नाही. तू काहीच चुकली नव्हतीस."

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी धरून चालले होते की मला गाडी येत नाही. मला इतका राग आला की रडायला यायला लागलं, आणि त्याच वेळी ह्यांची दयाही आली. पण दया आली म्हणून मी गुरुवार सोडणार नव्हते.

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं. "तुम्हाला भीती वाटते ना, वाटू दे. मलाही वाटते. पण तुमच्या भीतीसाठी माझ्या गाडीत पेडल बसणार नाही. कळलं?"

ह्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि आपले आपण उतरले. गोदामाच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

मी आरशात मागे बघितलं. "मॅडम, तुमची परवानगी असेल तर मोठा फेरा मारू?"

"मारा हो," ती म्हणाली. "मला काही घाई नाही." मग जरा थांबून म्हणाली, "माझा नवराही असंच करतो. तो तर शिकवतही नाही."

आम्ही दोघी वीस मिनिटं फिरलो. उड्डाणपुलावरून गेले, बाजारातून गेले, त्या मोठ्या चौकातल्या गोल चक्करलाही वळसा घातला. एकदा चुकीच्या गल्लीत शिरले आणि एका माणसाने मला हात हलवून काहीतरी सुनावलं. एका ठिकाणी ब्रेक जरा जोरात लागला. बाकी काहीही झालं नाही. तेच तर महत्त्वाचं होतं. काहीही झालं नाही.

परत आले तेव्हा हे त्याच जागी उभे होते. मी गाडी थांबवली. हे शेजारचं दार सोडून मागचं दार उघडून आत बसले. ती बाई पटकन पुढे आली. शोरूमकडे जाताना मी आरशातून पाहिलं, हे दोन्ही पाय सीटच्या कडेला आवळून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

पोचल्यावर हे त्या बाईला म्हणाले, "करडी घेऊ." आणि मग माझ्याकडे बघून, "डिकी लहान आहे हां. नंतर मला सांगू नकोस."

गाडी घरी यायला तीन आठवडे लागले. त्यानंतर दोन आठवडे मी रोज संध्याकाळी तासभर चालवली. हे मागे बसायचे. ह्यांची अट, सोबत यायचं; माझी अट, मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पहिले चार दिवस हे घामाघूम होऊन उतरायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "वळण बरं घेतेस." तेवीस वर्षांच्या मास्तरकीत ह्यांनी मला दिलेला तो पहिला गुण. मी म्हटलं, "दहापैकी?" हे म्हणाले, "आठ." कंजूष माणूस!

मग गुरुवार आला. ह्यांची सातची शिकवणी होती. निघताना दारात उभे राहून चपलेचा पट्टा तीनदा लावला, काढला. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले. आणि पाठ फिरवून गेले, मी गाडीत बसायच्या आतच. ते बघणं ह्यांना जमलं नसतं.

ह्यांच्या मागोमाग मीही निघाले. पाऊण तासाचा रस्ता, मला सव्वा तास लागला. दोनदा मागच्यांनी हॉर्न मारले, त्यांना मी मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. ताईच्या इमारतीखाली गाडी लावली, सरळ लागेपर्यंत चारदा मागेपुढे केली. ह्यांना फोन केला. अर्धी रिंग होते न होते तोच उचलला. "पोचले," मी म्हटलं. पलीकडे कुणीतरी शिकाऊ गिअर खरडत होतं. "बरं," हे म्हणाले, आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

दार ताईनेच उघडलं. अंगात घरातला झगा, हाताला कालच्या सुईचे डाग. तिने माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं.

"भावोजी गाडी लावतायत का?"

"भावोजी शिकवणीला. मी लावली गाडी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खिडकीपाशी गेली, पडदा सारला, खाली पाहिलं. "ती करडी?" मी मान हलवली. ती तशीच पाठमोरी उभी राहिली. मी पाणी प्यायले, पिशवीतली फळं ओट्यावर ठेवली, आणि वळले तर ताई आत जाऊन साडी नेसून आली होती. दीड वर्षात मी तिला साडीत बघितलं नव्हतं. डायलिसिसला काय, झगाच बरा पडतो.

"बारके," ती म्हणाली. ऐंशी किलोच्या बाईला बारके म्हणणारी जगात एवढी एकच उरली आहे. "मला फिरवून आण."

"कुठे जायचं?"

"कुठेही. दवाखाना सोडून कुठेही ने."

जिन्याच्या अठरा पायऱ्या उतरायला तिला बराच वेळ लागला. मधे दोनदा थांबली, पण माझा हात धरला नाही. गाडीची सीट तिच्या कमरेच्या उंचीला होती. ती नुसती टेकली आणि पाय आत घेतले. मी पट्टा लावून दिला. फाटकातून बाहेर पडल्यावर डावीकडचा रस्ता दवाखान्याचा. मी उजवीकडे वळले.

ताईने काच खाली केली. वाऱ्याने तिचे उरलेसुरले केस उडत होते, ते तिने सावरले नाहीत. दुकानं गेली, शाळा गेली, घरं विरळ झाली. मग तिने तिच्या रिपोर्टबद्दल सांगायला सुरुवात केली. डॉक्टर काय म्हणाले, तिला कशाकशाची भीती वाटते. बोलता बोलता एकदम थांबली आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"तुला निघायचं असेल ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "मला न्यायला कुणी येणार नाहीये. तू बोल."